‘दुखत नाही’ म्हणणारे बाबा आणि चौदा वर्षांचा डायबेटिस

चौथी_सीट | सोमवार, रात्री ११:२०

लालबागला राहतो आम्ही. बाबा ६९ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. शुगर निघाली त्याला चौदा वर्षं झाली. त्यांचं पथ्य म्हणजे चहा बिनसाखरेचा आणि त्यात बुडवायला चार ग्लुकोज बिस्किटं.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी ते कुणाला न सांगता सिद्धिविनायकाला अनवाणी चालत गेले. भावाच्या नोकरीसाठी नवस बोलले होते. लोक पहाटे जातात तसे गेले असते तर निभावलं असतं, पण हे निघाले दहाला. रांग, दर्शन आणि घरी यायला दीड. मे महिन्याचं डांबर. संध्याकाळी आईला चादरीवर ओला डाग दिसला म्हणून तिने पाय वर करायला लावला, तर दोन्ही तळव्यांना फोड, उजव्या पायाचा फुटलेला. बाबा म्हणाले, “कुठे काय? दुखत नाही.”

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. “जाणवलं की हो म्हणा काका.” बाबा गप्प. दोन्ही पाय तपासून झाले. मग बाबाच म्हणाले, “करा ना सुरू.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

याआधी पाय कधी तपासले होते का, असं त्या डॉक्टरांनी विचारलं. कधीच नाही. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात दर दोन महिन्यांनी फास्टिंगचा कागद दाखवायचा, १३०-१३५ असायचं, “छान आहे” म्हणून तीच चिठ्ठी पुढे. चपला काढायला कोणी सांगितलं नाही आणि आम्हालाही ते सुचलं नाही. आता एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची टेस्ट) काढलं तर ८.२.

माझे प्रश्न बाळबोध आहेत, हसू नका. साखर रक्तात, मग पायाची जाणीव का जाते? फास्टिंग ठीक असताना हे ८.२ कुठून आलं? आणि अजून काय काय आम्ही बघितलेलंच नाही?


भायखळा_स्लो | सोमवार, रात्री ११:४८

ताई, आधी जखमेचं बघ. राहिलेला फोड फोडू नका. हळद, टूथपेस्ट, कोलगेट-मीठ असलं काही लावू नका. रोज ड्रेसिंग आणि त्या पायावर भार कमीत कमी. लाली वर चढायला लागली, वास आला, ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. बाकीचं इथले जाणकार सांगतीलच.


काचपट्टी | मंगळवार, सकाळी ६:५५

मी पॅथॉलॉजिस्ट होतो, आता निवृत्त. उपचार सुचवणार नाही, पण रिपोर्टवर आयुष्यभर सह्या केल्यात, तेव्हा आकड्यांवर बोलायचा थोडा हक्क आहे.

पोळी-भाताचं ग्लुकोज होऊन ते रक्तात येतं. तिथून ते पेशींत शिरायला हवं, आणि स्नायूंच्या नि चरबीच्या पेशींचं दार इन्सुलिनशिवाय नीट उघडत नाही. आता संध्याकाळी साडेसहाचं दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. टाइप १ मध्ये गाडीच येत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारून टाकलेल्या असतात, म्हणून इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. टाइप २ मध्ये विरार लोकल आलेली असते, पण दारात उभे असलेले आत सरकत नाहीत. यकृतात आणि स्नायूंत साठलेली चरबी म्हणजे ही दारातली गर्दी. प्लॅटफॉर्मवर माणसं साठत जातात. स्वादुपिंड जादा गाड्या सोडून काही वर्षं ओढून नेतं, मग त्याचाही दम संपतो. त्यामुळे टाइप २ चा कागद हातात पडतो तेव्हा आत गडबड सुरू होऊन बरीच वर्षं झालेली असतात.

आता पहिला प्रश्न. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडाची गाळणी आणि मज्जातंतू यांना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही. त्यांची दारं सताड उघडी. रक्तात साखर तुंबली की ती यांच्यात नुसती घुसत राहते, आत नको ती रसायनं तयार होतात, आणि या तंतूंना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्याही खराब होत जातात. तंतू जितका लांब तितका तो आधी मार खातो. सगळ्यात लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो. कुणाला मुंग्या येतात, कुणाला रात्री आग होते, आणि कुणाला तुमच्या बाबांसारखं काहीच होत नाही. आग होणारे निदान डॉक्टरकडे येतात तरी.


खवचट_काका | मंगळवार, सकाळी ८:१०

विरार लोकलचा दाखला झकास, पण तिसऱ्या-चौथ्या स्टेशनला गर्दी आपोआप आत सरकते. चरबीचं तसं होतं का?


काचपट्टी | मंगळवार, सकाळी ८:३१

@खवचट_काका, चालायला लावलं की होतं. स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललं तर पीपीच्या, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेच्या, आकड्यात फरक दिसतो, घरच्या मशीनवर बघा. (चौथी_सीटच्या बाबांनी मात्र आत्ता नाही, जखम भरेपर्यंत पाय वर.)

दुसरा प्रश्न. फास्टिंग म्हणजे रात्रभर उपाशी असताना यकृत रक्तात किती साखर सोडतं त्याचा अंदाज. जेवल्यावर काय होतं ते त्यात दिसत नाही. शिवाय बरेच जण रक्त द्यायच्या आदल्या रात्री अचानक साधू होतात. एचबीए१सी फसत नाही, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर त्यात मोजली जाते. अडीच-तीन महिन्यांचं पासबुकच म्हणा. ८.२ म्हणजे रक्तातली सरासरी साखर १९० च्या आसपास. फास्टिंग १३२ असताना सरासरी १९०, म्हणजे बाकीचा दिवस कसा जात होता त्याचा हिशेब तुम्हीच करा.

निदानाचे आकडे: उपाशीपोटी १२६ किंवा वर, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा वर, एचबीए१सी ६.५ किंवा वर. ५.७ ते ६.४ ला लोक ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात आणि हुश्श करतात. तिथे खरं तर कंबर कसायची असते.

एक खोच आहे. ‘फसत नाही’ म्हटलं, पण अगदीच तसं नाही. लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सी उगाच जास्त येऊ शकतं, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर कमी. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) असलेल्यांनीही डॉक्टरांना तसं आधी सांगावं. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन बघता ही बारीक गोष्ट नाही.


सडपातळ_सुतार | मंगळवार, दुपारी १:०५

माझं वजन ५८ किलो, आयुष्यात पोट सुटलं नाही, तरी चाळिशीत निघाली. ऑफिसात सगळे म्हणतात, “तुला कशी?” दारातली गर्दी वगैरे माझ्याकडे कुठून आली?


काचपट्टी | मंगळवार, दुपारी २:४०

यावर आपल्या पुण्याचंच काम आहे. केईएम हॉस्पिटल, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर यूडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला किडकिडीत, आत चरबी. आपल्याकडे हे जन्मापासून दिसतं, बाळ कमी वजनाचं असलं तरी त्याची चरबी त्या मानाने कमी नसते. तेव्हा वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीय पुरुषांत कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या पुढे गेली की सावध.

आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर आहे आणि उंबरठ्यावरचे त्याहून जास्त, १३ कोटींच्या पुढे. तुम्ही एकटे नाही, एवढंच.


जांभूळबी | मंगळवार, सायंकाळी ५:२२

एवढ्या चर्चेत साध्या उपायाबद्दल कोणी बोलत नाही. सकाळी कारल्याचा रस, रात्री जांभळाच्या बियांची पूड. माझ्या मेहुण्यांनी गोळ्या बंद केल्या. मधुमेह हा शब्दच आयुर्वेदाचा आहे, लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या लोकांनी कधीच लिहून ठेवलंय.


नर्मदाबाग | मंगळवार, सायंकाळी ५:५०

@जांभूळबी, मेहुण्यांचं एचबीए१सी किती आहे आता?


जांभूळबी | मंगळवार, सायंकाळी ६:०४

ते टेस्ट करत नाहीत. बरं वाटतंय त्यांना.


नर्मदाबाग | मंगळवार, सायंकाळी ६:०९

चौथी_सीटच्या बाबांनाही बरंच वाटत होतं.

मी डायलिसिसच्या युनिटमध्ये सिस्टर आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत डायबेटिसवाले भरपूर, आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे “सहा महिन्यांपूर्वी तर क्रिएटिनिन नॉर्मल होतं.” क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, तो उशिरा चढतो हो. किडनीचं बरंचसं काम गेलं तरी तो गप्प असतो. आधी कळतं ते लघवीतून. सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढतात, चिठ्ठीवर ‘एसीआर’ लिहितात. ३० च्या खाली हवं. एकदा वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम यानेही वाढतं, पुन्हा करून बघतात. पण खरंच वाढलं असेल तर त्या टप्प्यावर बीपी आणि शुगर आवळून, योग्य गोळ्या देऊन किडनी बरीच वर्षं टिकवता येते. साधी लघवीची टेस्ट, आणि चौदा-चौदा वर्षं कोणी लिहून देत नाही.

कारल्याची भाजी रोज करा, माझी ना नाही. फक्त गोळी बंद करून नको. आणि ‘शंभर टक्के हर्बल’ पुड्यांमध्ये चक्क डायबेटिसच्याच गोळीची भुकटी मिसळलेली सापडलेली आहे. मग शुगर उतरते यात नवल ते काय?


दुसरा_आयडी | मंगळवार, रात्री १०:४५

वेगळ्या आयडीने लिहितोय, कारण समजून घ्या. वय ४७, शुगर सहा वर्षं. नवरा-बायकोच्या संबंधांत अडचण येतेय. हे त्यातलंच का? डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही.


काचपट्टी | बुधवार, सकाळी ७:०२

असू शकतं, आणि तोंड उघडाच. मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या, दोन्ही यात येतात. पुष्कळदा हृदयाच्या वाहिन्यांचा त्रास कळायच्या काही वर्षं आधी ही खूण दिसते, म्हणून डॉक्टर हे ऐकून हृदयही तपासतात. उपाय आहेत. दुकानातून परस्पर गोळी मात्र घेऊ नका, छातीसाठी नायट्रेट चालू असेल तर ती जिवावर बेतू शकते.

त्याच तंतूंच्या कुटुंबातल्या आणखी गोष्टी: उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, थोडं खाल्लं तरी पोट गच्च. आणि हार्ट अटॅक येऊनही छातीत कळ न येणं. मधुमेहीला अचानक दम लागला, घाम फुटला, विचित्र गळून गेल्यासारखं वाटलं तर ‘गॅस’ म्हणून सोडा पाजत बसू नका. ईसीजी काढा.


डबलफास्ट | बुधवार, सकाळी ९:३०

साखर वाढण्याचंच चाललंय, कमी होण्याचं कोणी बोलेना. ठाण्याहून ८:०४ ची फास्ट. ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि गाडी चुकेल म्हणून नाश्ता राहिला. घाटकोपर गेल्यावर हात थरथरायला लागले, घामाने शर्ट भिजला, समोरच्याला काहीतरी अद्वातद्वा बोललो म्हणे. लोकांना वाटलं सकाळी सकाळी टाकून आलाय. एका फळवाल्याच्या लक्षात आलं, त्याच्या आईला तसं होतं म्हणून. त्याने पेप्सी पाजली. दादरला उतरून स्टेशनवर मोजली तेव्हा ६१ होती, म्हणजे आधी किती असेल देव जाणे.

७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, म्हणजे साधारण तीन चमचे, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काही ओतायचं नाही, थेट हॉस्पिटल. मला नंतर कळलेली मेख अशी की व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर, पेढा, कोल्ड्रिंक लवकर कामाला येत नाही, कारण ती गोळी साखर फोडूच देत नाही. त्यांच्या खिशात ग्लुकोजची पावडरच हवी. मी आता डब्याच्या पिशवीत ठेवतो. खिशात ठेवली होती तर पहिल्याच पावसात लगदा झाला.


मावशीआज्जी | बुधवार, दुपारी ३:१५

माझ्या ह्यांना डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलंय. हे दोन महिने टाळतायत. म्हणतात, सुई लागली की माणूस संपला.


नर्मदाबाग | बुधवार, रात्री ९:४०

आज्जी, त्यांना ही गोष्ट वाचून दाखवा. १९२२ चा जानेवारी, टोरांटो. लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा, टाइप १, हाडांचा सापळा झालेला. त्या काळी उपाय म्हणजे उपाशी ठेवणं. त्याला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी काढलेल्या इन्सुलिनच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं, ते साधलं नाही. त्यांचे सहकारी कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा दिलं आणि साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला. सुई लागून माणूस सुरू झाला की हो.

टाइप २ मध्ये वर्षांमागून वर्षं स्वादुपिंड थकत जातं, म्हणून गोळ्या पुऱ्या पडेनाशा होतात. त्यात ह्यांचा गुन्हा काही नाही. सुई एवढीशी असते आता, बोट टोचण्यापेक्षा कमी लागते. एकदा आमच्यासारख्या कुणाकडून शिकून घ्या, आणि जागा बदलत राहा, एकाच ठिकाणी टोचत राहिलं की गाठ होते.


खवचट_काका | गुरुवार, सकाळी ७:४४

डोळ्यांचं राहिलंच सगळ्यांचं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे. बाहुली मोठी करायचे थेंब घालून मागचा पडदा बघावा लागतो, वर्षातून एकदा. दिसायला स्वच्छ असतानाही आत रक्तस्राव चालू असतो. मी हे ‘पुढच्या महिन्यात’ करत तीन वर्षं घालवली आणि उजव्या डोळ्यात कोळ्याचं जाळं तरंगायला लागल्यावर गेलो. लेसर झालं, इंजेक्शनं झाली. डावा वाचला. उजव्याने पेपर वाचता येत नाही. त्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका, थेंबांनी काही तास धूसर दिसतं.

माझा खवचटपणा इथे संपला.


भायखळा_स्लो | गुरुवार, सकाळी ११:२६

काका _/\_

खर्चाचं कोणी विचारलं नाही पण सांगतो. पालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये तपासणी, रक्ताच्या टेस्ट आणि औषधं फुकट आहेत. केईएम, सायन, नायरच्या ओपीडीत रांग आहे, पण डोळ्यांचा पडदा आणि पाय दोन्ही बघायची सोय होते. महागड्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना जेनेरिकचं विचारा, जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी अगदी स्वस्त आहे. (अवांतर: मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होतं आणि त्यानेही पायाला मुंग्या येतात. सगळं खापर शुगरवर फोडण्याआधी तेही तपासा.)

आणि आता पाऊस. हिंदमाताला गुडघाभर पाणी तुंबलं की भेगा पडलेल्या पायांनी त्यात उतरू नका. लेप्टो (उंदरांच्या मुताने पसरणारा पावसाळी ताप) अशाच जखमेतून शिरतो. उतरावंच लागलं तर घरी आल्या आल्या पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन गोळीचं विचारा.


मावशीआज्जी | गुरुवार, दुपारी ४:००

श्रावणात साबुदाण्याची खिचडी चालेल का ह्यांना?


काचपट्टी | गुरुवार, दुपारी ४:१८

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यावर बटाटा. उपास या नावाखाली भाताच्या वरताण. राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी, मूठभर दाणे, असं बघा. आणि इन्सुलिन सुरू झालं तर उपासाच्या दिवशी किती घ्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारून, अंदाजपंचे नाही.


चौथी_सीट | सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१२

सगळ्यांचे आभार, एकेकाला लिहायला जमलं नाही.

उजव्या पायाची जखम भरत आलीये, डाव्याची भरली. एसीआर ८४ आलं, पुन्हा केलं तर ७९. म्हणजे आहेच. गोळ्या बदलल्यात, बीपीची एक वाढलीय. डोळ्यांत सुरुवातीचे बदल आहेत, सध्या काही करायचं नाही, सहा महिन्यांनी बोलावलंय. नवीन एचबीए१सी अजून दीड महिन्याने.

आईने पलंगाखाली जुना आरसा आडवा ठेवलाय. बाबा रात्री त्यावर पाय धरून बसतात आणि ती बॅटरी मारते. पांढरे मोजे आणलेत, रक्त लागलं तर दिसावं म्हणून. आंघोळीचं पाणी आता आई कोपराने बघून देते. शुगरच्या नोंदी बाबा वहीत वेबिल भरल्यासारख्या करतात, रकाने आखून, खाली सही. ग्लुकोज बिस्किटं चारावरून एकावर आलीत, आणि त्या एकावर रोज वाटाघाटी होतात.

भावाला नोकरी लागली. आता बाबा म्हणतायत, नवस फेडायला अनवाणी जायलाच हवं, देवाला शब्द दिलाय. डॉक्टरांनी घरातसुद्धा चपलेशिवाय फिरायला मनाई केलीये. आई म्हणते, देवाला तिचं तिने कळवलंय, टॅक्सीने जाऊ. पण आत तर चपला काढाव्याच लागतील. मोजे घालून चालतं का तिथे, कुणाला माहितीये?


खवचट_काका | रविवार, रात्री १०:३०

मी दोन वर्षं मोजे घालूनच जातोय, कोणी हटकलं नाही. जाड घ्या, आणि जायच्या आधी आतून हात फिरवून बघा, शिवण टोचते. मंगळवार सोडून जा. रांगेत उभं राहणं वाचेल.